पॅकेज पाहिलं, पिनकोडचं काय?

नोकरी किंवा शिक्षणासाठी राज्य बदलायचं ठरलं की आपण पगार, भाडं, डबा आणि घरी यायच्या ट्रेनचा हिशेब मांडतो. पण जिथे राहायला निघालोय, तिथली माणसं किती जगतात, कशी जगतात, आजारी पडली की कुठे जातात, हे सहसा कुणी विचारत नाही. देशातल्या राज्यांचे आरोग्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर काय दिसतं?

कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन आला की प्रत्येक ग्रुपमध्ये एक एक्सेल शीट फिरायला लागते. बेंगळुरू की हैदराबाद? गुरुग्राम की पुणे? एका कॉलममध्ये सीटीसी, दुसऱ्यात वन बीएचकेचं भाडं, तिसऱ्यात वीकेंडला जवळपास फिरायला काय आहे ते. चौथा कॉलम आईबाबांचा असतो, ‘तिथे आपलं कोण आहे?’ एवढी सगळी तयारी होते, पण तब्येतीचा कॉलम त्या शीटमध्ये नसतो. बावीस-तेविसाव्या वर्षी तो सुचतही नाही म्हणा. ताप आला की पॅरासिटामॉल, पाठ दुखली की ‘खुर्ची बदल’ एवढ्यावर आपलं भागतं.

पण आपण कुठे जन्मलो, कुठे वाढलो आणि पुढे कुठे संसार थाटणार यावर आयुष्याची लांबी आणि दर्जा बराचसा ठरतो. एकाच पासपोर्टवर, एकाच चलनात, एकाच देशात.

दहा वर्षांचं अंतर

देशात जन्म-मृत्यूचे दर मोजण्यासाठी रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय एक मोठी नमुना नोंदणी पद्धत चालवतं. तिला एसआरएस म्हणतात. या नोंदींवरून काढलेल्या २०१५ ते २०१९ या काळातल्या आकड्यांनुसार देशाचं सरासरी आयुर्मान होतं ६९.७ वर्षं. केरळमध्ये ते ७५.२ आणि छत्तीसगडमध्ये ६५.३. म्हणजे दोन राज्यांमध्ये जवळपास दहा वर्षांचा फरक.

आता बाळांचं बघू. हजार बाळं जन्माला आली, तर त्यांपैकी किती पहिल्या वाढदिवसाआधीच दगावतात, या आकड्याला बालमृत्यू दर म्हणतात. २०२० मध्ये तो केरळमध्ये ६, तमिळनाडूत १३, महाराष्ट्रात १६, देशात २८, उत्तर प्रदेशात ३८ आणि मध्य प्रदेशात ४३ होता. आणि आयांचं? एक लाख बाळंतपणांमागे किती आया दगावल्या, याचा २०१८ ते २०२० मधला आकडा केरळमध्ये १९, महाराष्ट्रात ३३, देशात ९७ आणि आसाममध्ये १९५. केरळच्या दहापट!

इथे एक गफलत होऊ शकते. ‘म्हणजे मी रायपूर सोडून कोचीला गेले, तर दहा वर्षं जास्त जगेन?’ तर तसं नाही. सरासरी आयुर्मान हा आजच्या दिवशी जन्मलेल्या बाळाचा हिशेब असतो. लहानपणीच दगावणारी मुलं जास्त असली, की सरासरी झटकन खाली येते. तुम्ही वयाची विशी सुखरूप गाठलीत, म्हणजे या शर्यतीतला सगळ्यात धोक्याचा टप्पा तुम्ही आधीच पार केलाय. त्यापुढे राज्याराज्यांतलं अंतर कमी होतं, पण मिटत मात्र नाही. कारण पुढे बाळंतपणं असतात, अपघात असतात, आईबाबांचं बीपी आणि शुगर असते. आणि अशा प्रत्येक वेळी जवळ कोणता दवाखाना आहे, तिथे डॉक्टर आहे का, औषध आहे का, हे पुन्हा त्या राज्यावरच येऊन थांबतं.

खिसा गरम, पण रक्त कमी

‘श्रीमंत राज्यं पुढे, गरीब राज्यं मागे, त्यात काय नवीन?’ असं वाटत असेल तर जरा थांबा. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींमुळे आपल्याला हरियाणा माहीत असतो. त्याचं दरडोई उत्पन्न केरळपेक्षा जास्त आहे. पण २०२० मध्ये तिथला बालमृत्यू दर २८ होता, देशाच्या सरासरीइतकाच आणि केरळच्या चौपटीहून जास्त. बाळंतपणात दगावणाऱ्या आयांचा आकडा ११०, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही वाईट. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे एनएफएचएस-५ मध्ये, हरियाणातल्या १५ ते ४९ वयाच्या ६०.४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. केरळमध्ये हा आकडा ३६.३ टक्के आहे.

गुजरातचंही तसंच. उद्योग, रस्ते, बंदरं यांत गुजरातचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण तिथली पाच वर्षांखालची ३९ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, म्हणजे त्यांची उंची वाढायला हवी तेवढी वाढलेली नाही. बिहारमध्ये हे प्रमाण ४२.९ टक्के. पैशाच्या बाबतीत ही दोन राज्यं दोन टोकांना, पण पोरांच्या उंचीत मात्र फरक जेमतेम चार टक्क्यांचा.

याच्या उलटही घडतं. दरडोई उत्पन्नात बिहार देशात तळाला. तरीही २०२० मध्ये तिथला बालमृत्यू दर २७ होता, मध्य प्रदेशच्या ४३ पेक्षा कितीतरी कमी. म्हणजे पैसा लागतो, पण नुसता पैसा पुरत नाही. तो कुठे आणि कुणावर खर्च झाला, यावर बरंच ठरतं.

दक्षिणेत असं काय आहे?

केरळचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘अरे, तिकडे सगळे गल्फला असतात, पैसा तिकडून येतो.’ दोन, ‘त्यांच्या नर्सेस भारी असतात.’ दोन्हीत तथ्य आहे, पण मूळ कारण त्याच्याही आधीचं आहे. एनएफएचएस-५ नुसार केरळमधल्या १५ ते ४९ वयाच्या ७७ टक्के बायकांनी दहा किंवा त्याहून जास्त वर्षं शाळा पाहिली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५०.४, देशात ४१ आणि बिहारमध्ये २८.८ टक्के. शिकलेली मुलगी लग्न उशिरा करते. पहिलं बाळंतपण कोवळ्या वयात होत नाही. बाळाला ताप आला तर दवाखान्यात कधी न्यायचं, ते तिला कळतं. आणि नर्सने टोलवाटोलवी केली तर ती भांडतेसुद्धा! वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या केरळमध्ये ६.३ टक्के आहेत, बिहारमध्ये ४०.८ टक्के. बाळांच्या जिवाचा हिशेब इथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी दवाखाना कुणाच्या हातात आहे ती. १९९६ नंतर केरळने गावपातळीवरची प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींकडे सोपवली. डॉक्टर आला नाही तर मंत्रालयात अर्ज नाही, समोरच्या पंचायत सदस्याला जाब. २०१७ मध्ये ‘आर्द्रम’ मिशन सुरू करून हीच केंद्रं कुटुंब आरोग्य केंद्रं म्हणून वाढवायला घेतली.

तमिळनाडूची गोष्ट तर एखाद्या स्टार्टअपच्या केस स्टडीसारखी आहे. सरकारी दवाखान्यात गेलं की ‘औषध बाहेरून आणा’ ही चिठ्ठी मिळते, हा अनुभव नवीन नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधं खरेदी करायला एक स्वतंत्र महामंडळ काढलं. सगळ्या राज्याची खरेदी एकत्र, त्यामुळे भाव कमी. औषधं ब्रँडच्या नव्हे, मूळ नावाने. प्रत्येक बॅचची तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम आणि प्रत्येक दवाखान्याला चक्क बँकेसारखं पासबुक. त्यात आपल्या वाट्याची रक्कम, तिच्यातून आपल्याला लागतील ती औषधं उचलायची. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण दवाखान्यात औषध आहे की नाही, हे अशाच साध्या व्यवस्थेवर ठरतं. नंतर बऱ्याच राज्यांनी या पद्धतीचा कित्ता गिरवला. महाराष्ट्राने औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये.

शाळेतल्या जेवणाचंही तेच. कामराज मुख्यमंत्री असताना, पन्नासच्या दशकात तमिळनाडूत शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवलं आणि २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही मिळू लागला. सरकार कुणाचंही येवो, ताट बंद झालं नाही. उलट प्रत्येकाने त्यात भर घातली. २०२१ पासून तर बीपी-शुगरच्या पेशंटच्या दारात गोळ्या पोहोचवण्याचं कामही तिथे सुरू आहे.

आपला नंबर कितवा?

आता प्रगतिपुस्तक आपलं. नीती आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये २०१९-२० चा आरोग्य निर्देशांक जाहीर केला. त्यात १९ मोठ्या राज्यांमध्ये केरळ ८२.२० गुणांसह पहिला, तमिळनाडू दुसरा आणि महाराष्ट्र ६९.१४ गुण मिळवून पाचवा. बाळंतपणातले मृत्यू रोखण्यात तर आपण २०१८-२० मध्ये केरळपाठोपाठ दुसरे होतो. हे कौतुकाचं आहेच. फर्स्ट क्लास पक्का.

पण मार्कशीटवरच्या काही विषयांकडे नीट बघायला हवं. एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आहेत. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेली, म्हणजे अगदी हडकलेली मुलं २५.६ टक्के. देशाची सरासरी १९.३ आणि बिहारची २२.९. हो, या विषयात बिहारला आपल्यापेक्षा चांगले मार्क आहेत. अठराच्या आत लग्न झालेल्या मुली २१.९ टक्के, म्हणजे साधारण पाचातली एक. आणि रक्त कमी असलेल्या बायका ५४.२ टक्के. तुमच्या कॉलेजच्या मुलींच्या ग्रुपमध्ये दहा जणी असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी. ‘मला सारखा थकवा येतो गं’ हे वाक्य आपण किती सहज ऐकतो आणि सोडून देतो!

मुंबईत देशातली नावाजलेली हॉस्पिटलं, पुण्यात मेडिकल कॉलेजं, मग हे आकडे येतात कुठून? सरासरीचा हा जुनाच घोळ आहे. एकाने दोन वडापाव खाल्ले आणि दुसरा उपाशी राहिला, तर सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला एक वडापाव येतो. कागदावर दोघांचंही पोट भरलेलं असतं. महाराष्ट्राच्या सरासरीत दक्षिण मुंबई आहे, तसंच नंदुरबारमधलं धडगाव, अमरावतीतलं मेळघाट आणि गडचिरोलीतलं भामरागडही आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की जिथून दवाखाना गाठणंच अवघड होतं, अशी गावं आपल्याच राज्यात आहेत. तिथल्या बाळाच्या आयुष्याचा हिशेब मुंबईपेक्षा छत्तीसगडला जवळचा असतो. राज्याराज्यांत जेवढं अंतर, तेवढंच अंतर एका राज्याच्या पोटातही असतं.

गंमत म्हणजे उत्तरही याच गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं कशी ओळखायची आणि उपचार कसे करायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याचं हे काम देशभरच्या आशाताईंकडे आलं. आज बिहारमधली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, त्या वाटेची एक सुरुवात गडचिरोलीत आहे. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. एका जिल्ह्यात जमलेलं राज्यभर टिकवून ठेवायला आपण कमी पडतो.

टॉपरचंही दुखतं

मग काय, सगळ्यांनी बॅगा भरून कोचीची ट्रेन पकडायची का? थांबा. टॉपरच्या घरातही डोकावून बघू.

एनएफएचएस-५ नुसार केरळमधल्या २७ टक्के पुरुषांची आणि २४.८ टक्के बायकांची रक्तशर्करा जास्त आहे किंवा त्यांची त्यावर गोळी चालू आहे. देशाचे आकडे याच्या निम्म्याच्या आसपास. माणसं जास्त जगतात, त्यामुळे म्हातारपणाचे आजारही जास्त. शिवाय सरकारी व्यवस्था इतकी चांगली असूनही स्वतःच्या खिशातून उपचारांवर दरडोई सर्वाधिक खर्च करणाऱ्या राज्यांत केरळ आहे.

आणि तरुणांचं? २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत १५ ते २९ वयोगटातली बेरोजगारी देशात १०.२ टक्के होती, केरळमध्ये सुमारे ३० टक्के. म्हणजे जिथे आयुष्य सगळ्यात लांब, तिथेच तरुणांना त्या आयुष्यात करायला मनासारखं काम नाही. म्हणून तिथली पोरं दुबईला, बेंगळुरूला, कॅनडाला जातात आणि मोठमोठ्या घरांत आजी-आजोबा एकटे राहतात. याला उत्तम जीवनमान म्हणायचं का?

दिल्लीचं कोडं याहून मजेशीर. सरासरी आयुर्मान पंचाहत्तरच्या पुढे, केरळच्या बरोबरीचं. पण हवा? सूक्ष्म धूलिकणांची आपल्या देशाने ठरवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची तर फक्त ५. दिल्लीची वर्षाची सरासरी आपल्या देशी मर्यादेच्याही दुपटीपलीकडे जाते. हॉस्पिटलं आणि उत्पन्न आयुष्य लांबवतात, हवा ते कुरतडते. आयुर्मानाच्या एका आकड्यात हे भांडण दिसतच नाही. नोव्हेंबरमध्ये सकाळी धावायला बाहेर पडता येतं की नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

रँकिंगला भुलू नका

‘राहण्यासाठी सर्वोत्तम शहरांत आपण अमुक नंबरवर’ अशी बातमी आली की स्टेटसवर अभिमानाचा पूर येतो. २०१८ च्या केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांकात पुणे पहिलं होतं आणि मुंबई तिसरी. २०२० च्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं आणि मुंबई एकदम दहावी. दोन वर्षांत मुंबई काही सात पायऱ्या घसरली नव्हती. मोजायची पद्धत बदलली होती. दुसऱ्या यादीत नागरिकांना स्वतःला काय वाटतं, यालाही ३० टक्के वजन होतं. म्हणजे पेपरच वेगळा, तर नंबर वेगळा येणारच.

दुसरी गोष्ट, जागा आणि वेग यांत गल्लत करू नका. नीती आयोगाच्या त्याच आरोग्य निर्देशांकात उत्तर प्रदेश एकूण गुणांत मोठ्या राज्यांत शेवटचा होता, पण आदल्या वर्षीच्या मानाने सुधारणा करण्यात पहिला. दोन्ही बातम्या खऱ्या. कोणती छापायची, ते छापणाऱ्यावर.

तिसरी गोष्ट थोडी जड आहे, पण महत्त्वाची. २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्यांची नोंद महाराष्ट्रात झाली, २२,७४६. आकडा अंगावर येतो. पण महाराष्ट्राची लोकसंख्याही मोठी आहे. दर लाख लोकांमागे पाहिलं तर महाराष्ट्र १८.१, केरळ २८.५ आणि देश १२.४. मग बिहार? एकाहूनही कमी. तिथे सगळे आनंदात आहेत, असा याचा अर्थ होतो का? मुळीच नाही. पोलिसांकडे नोंदच झाली नाही, तर तो मृत्यू आकड्यात येत नाही. जिथे व्यवस्था प्रामाणिकपणे नोंदवते, ते राज्य कागदावर जास्त दुःखी दिसतं. त्यामुळे कुठलाही आकडा पाहिला की तीन प्रश्न विचारायचे. किती लोकांमागे? कुणी मोजलं? आणि मोजणीतून कोण सुटलं?

शीटमध्ये हे कॉलम टाका

राज्य बदलायचं असेल, तर पुढच्या गोष्टी आधीच तपासून घ्या.

० कंपनीचा मेडिक्लेम नोकरीपुरता असतो. नोकरी सुटली की कव्हरही जातं. स्वतःची छोटी का होईना, पॉलिसी तरुणपणीच घ्या. तेव्हा हप्ता कमी बसतो. आईबाबा सोबत येणार असतील, तर त्यांचा विचार वेगळा करा.

० राज्य सरकारच्या आरोग्य योजना सहसा त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना परराज्यात तशीच चालेल, असं गृहीत धरू नका. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं कार्ड असेल, तर ते मात्र दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयांतही चालतं.

० फ्लॅट बघताना जिम किती लांब आहे ते विचारता, तसंच चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे तेही विचारा. आणि जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे एकदा स्वतः जाऊन बघून या.

० हवेचा अंदाज फिरायला गेलेल्या महिन्यावरून बांधू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर त्या शहरातली हवा रोजच्या रोज दिसते. हिवाळ्यात तिथे काय होतं, ते आधी बघा.

० रोजचा प्रवास हाही तब्येतीचाच भाग. रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये गेले, तर झोप, व्यायाम आणि घरचं जेवण यांपैकी एकावर तरी पाणी सोडावं लागतं.

० मुलींनो, हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल, तर त्याला ॲनिमिया म्हणतात. साध्या रक्ततपासणीत कळतं आणि बहुतेक वेळा बरंही होतं. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

० नवीन शहरात एकटं वाटणं ही कमजोरी नाही. मन फारच खाली गेलं, नको नको ते विचार यायला लागले, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मित्रासाठी फोन करायचा असेल तरी चालेल.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाही?

सगळेच काही बेंगळुरूला जाणार नाहीत. बहुतेक जण आपल्याच गावात, आपल्याच तालुक्यात राहणार. त्यांच्यासाठी ही तुलना जास्त कामाची आहे. कारण केरळ आणि तमिळनाडू काही वेगळ्या मातीचे नाहीत. तिथे मुलींच्या शाळेचा, शाळेतल्या ताटाचा आणि दवाखान्यातल्या औषधाचा प्रश्न निवडणुकीत विचारला गेला आणि पुन्हा पुन्हा विचारला गेला.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. दिल्लीतल्या सरकारवर कितीही रील्स बनवल्या, तरी तुमच्या गावच्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर मुंबईतून नेमला जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी. महाराष्ट्र अजून या आकड्यापासून बराच दूर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही चांगली गोष्ट. पण केस पेपर मोफत मिळाला आणि आत डॉक्टरची खुर्ची रिकामी असली, तर त्या मोफतचा उपयोग काय?

म्हणून एक छोटं काम. या आठवड्यात आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा. डॉक्टरच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्यात, कुठली औषधं महिनाभर आलेली नाहीत, ते विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीत पांढऱ्या गाडीतून उतरून कुणी हात जोडत दारात आलं, की तो कागद त्यांच्यासमोर धरा. शहर बदललं असेल, तर मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर नेण्यासाठी आठ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, तोही तेवढा भरून टाका. नाहीतर ज्या शहरात तुम्ही आजारी पडणार, तिथे तुमचं मतच नसेल.